‘अल्बम’, ‘म्युझिक व्हिडिओ’ की ‘ध्वनिचित्रफीत’?

प्रश्न (सांगली, विश्रामबाग)
मंडळाच्या स्मरणिकेत नावाजलेल्या म्युझिक व्हिडिओंवर आणि शॉर्टफिल्मवर लेख घेतोय. संपादक काकांनी ‘म्युझिक व्हिडिओ’ खोडून सगळीकडे ‘ध्वनिचित्रफीत’ केलंय. वाचताना लग्नाची कॅसेट डोळ्यापुढे येते. ‘संगीतपट’ चालेल का?

उत्तर (मिरज)
‘संगीतपट’ म्हटलं की गाण्यांनी भरलेला अख्खा सिनेमा वाटतो, तो नको. ‘फीत’ म्हणजे टेप. टेप गेली, पण बातम्यांत फीत अजून ‘व्हायरल’ होतेय! आपल्याकडे बोलण्यातला शब्द ‘अल्बम’. ‘पोरानं अल्बम काढलाय’ म्हटल्यावर दहा गाण्यांची सीडी कुणी समजत नाही. एकच गाणं, कृष्णेचा घाट, बुलेट, ड्रोन शॉट, आणि यूट्यूबवर टाकून मोकळे.

उत्तर (वाई)
बोलायला ठीक आहे हो, पण लेखात ‘अल्बम’ लिहिलात तर घोटाळा होईल. नॉर्वेच्या ‘आ-हा’ बँडचं ‘टेक ऑन मी’ घ्या. १९८५ चा व्हिडिओ, दिग्दर्शक स्टीव्ह बॅरन. कॅफेत एक मुलगी चित्रकथा वाचत बसलीय. पानातून पेन्सिलीनं काढलेला हात बाहेर येतो आणि तिला आत ओढून घेतो. आधी खऱ्या माणसांवर शूटिंग केलं, मग एकेक फ्रेम हातानं गिरवली. प्रत्येक चित्र नव्यानं काढल्यामुळं रेघ सतत थरथरते, आणि सगळी गंमत त्या थरथरीत आहे. अल्बम बँडचा, हे गाणं त्यातलं एक, व्हिडिओ त्या गाण्याचा. तीन वेगळ्या वस्तू.

‘गाण्याचं चित्रीकरण’ हाही शब्द इथं तोकडा पडतो. चित्रीकरण म्हणजे समोर घडतंय ते टिपणं. गायक पीटर गॅब्रिएलच्या ‘स्लेजहॅमर’ गाण्याच्या व्हिडिओत (१९८६) सोललेल्या कोंबड्या नाचतात. त्या कॅमेऱ्यासमोर कधीच नाचलेल्या नाहीत. थोड्या हलवायच्या, एक फ्रेम घ्यायची, परत हलवायच्या. आपल्याकडं दादासाहेब फाळक्यांनी १९१२ च्या सुमारास वाटाण्याचा कोंब असाच थांबत थांबत टिपला होता. पडद्यावर तो बघता बघता वाढतो. जुनी माणसं असल्या करामतीला ‘ट्रिकसीन’ म्हणायची, मला तो शब्द अजून आवडतो.

प्रश्नकर्ता
मग ‘म्युझिक व्हिडिओ’च ठेवतो. काकांना कुणीतरी सांगा! आणि ‘लघुपट’ की ‘शॉर्टफिल्म’?

उत्तर (मिरज)
अर्थ एकच, वास वेगळा. ‘लघुपट’ म्हटलं की लोकांना सरकारी खातं आठवतं, म्हणून कॉलेजची पोरं ‘शॉर्टफिल्म’ म्हणतात. तसं बघितलं तर सरकारी खात्यानंही कमाल केलीय. फिल्म्स डिव्हिजनसाठी प्रमोद पतींनी १९७२ साली केलेला ‘आबिद’ बघा. त्यात चित्रकार आबिद सुरतींनाच बाहुलीसारखं फ्रेमफ्रेमनं हलवलंय. त्याला लेखात बिनधास्त ‘लघुपट’ म्हणा. ‘माहितीपट’ मात्र नको, माहिती त्यात औषधालाही नाही.

उत्तर (वाई)
मथळ्यात ‘लघुपट’, मुलाखतीत बोलणारा म्हणेल ते. शॉर्टफिल्म स्त्रीलिंगी, व्हिडिओ पुल्लिंगी. अनेकवचनाला ‘शॉर्टफिल्म्स’ लिहू नका, ‘शॉर्टफिल्मा’ लिहा. काकांनी खोडलं तर परत लिहा.