रायफलचं मॅगझिन भरलं की राऊंड (काडतूस) अडकतोय, काय बघू?

बोल्ट अॅक्शन आहे (बोल्ट हाताने मागेपुढे करायचा), .३०३ कॅलिबर. मॅगझिन भरलं की वरचा राऊंड नाक खाली घालून फीड रॅम्पवरच (नळीकडे नेणाऱ्या उतारावर) थटतो, बुलेटच्या टोकाला चपटा डाग पडतो, थोडेच राऊंड भरले तर मात्र बोल्ट मस्त बंद होतो.

— म्हणजे चेंबर (नळीतली राऊंड बसायची जागा) ठीक आहे, गडबड मॅगझिनचीच. फीड लिप्स (मॅगझिनच्या तोंडाशी राऊंड धरून ठेवणाऱ्या कडा) बघ, एक जरी वाकली असेल तर राऊंड तिरका उठतो. आणि डमी राऊंड (बिनदारूचे, नकली) वापर रे, जिवंत राऊंडवर प्रयोग नको प्लीज!

— .३०३ च्या राऊंडला रिम (बुडाशी बाहेर आलेली कड) असते ना, भरताना वरच्या राऊंडची रिम खालच्याच्या पुढे हवी, मागे राहिली की अडकणारच.

— बोल्टही पूर्ण मागे खेच, अर्धवट नको.

— लिप्स सरळ आहेत, रिमच उलट्या बसत होत्या! डमी आता सरळ जातायत, थँक्स.