चेंगराचेंगरीच्या बातमीत 'पॅनिक' हा शब्द हवाच कशाला?

रानवाट
गर्दीत माणसं गेली की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत हमखास एक वाक्य असतं: 'लोक पॅनिक झाले आणि चेंगराचेंगरी झाली.' या वाक्यात घोड्यापुढे गाडी जोडली आहे असं माझं म्हणणं आहे, आणि त्या शब्दामुळे ते कुणाला खटकतही नाही.

पॅन हा ग्रीसमधल्या आर्केडियाच्या डोंगराळ मुलखातला मेंढपाळांचा देव. कमरेखाली बोकड, डोक्यावर शिंगं. रानात कळपाला किंवा रात्री छावणीत झोपलेल्या सैन्याला समोर काही दिसत नसताना जी भीती धरते, ती पॅनची करणी मानत. 'पॅनिक' हा शब्द त्याच्याच नावावरून. इ.स.पू. २७९ मध्ये डेल्फीवर चालून गेलेल्या गॉल टोळ्यांची गोष्ट पौसानियस या ग्रीक लेखकाने लिहून ठेवली आहे. रात्री काही जणांना घोड्यांच्या टापा ऐकू आल्याचा भास झाला. आपलीच माणसं ग्रीक बोलताहेत असं वाटायला लागलं आणि त्यांनी एकमेकांनाच कापून काढलं. विनाकारण येणारी भीती पॅनकडून येते असं म्हणतात, अशी पुस्तीही तो जोडतो.

शब्दाचा गाभा म्हणजे हे 'विनाकारण'. इंग्रजीत तो १६०० च्या सुमारास फ्रेंचमार्गे आला, तोही आधी विशेषण म्हणून. आता मला सांगा, अरुंद जिन्यावर मागून शेकडो माणसं रेटताहेत, छाती दाबली जाऊन श्वास आत जात नाही, ही भीती विनाकारण आहे? अशा गर्दीत बहुतेक माणसं उभ्याउभ्या गुदमरून मरतात. जॉन फ्रुइन या गर्दीच्या अभ्यासकाने दाखवून दिलं आहे की एका चौरस मीटरमध्ये सातेक माणसं झाली की गर्दी प्रवाहासारखी वागू लागते आणि एकट्यादुकट्याच्या हातात काही उरत नाही. तिथे कोण घाबरलं आणि कोण नाही, याने काय फरक पडतो?

तिरपा_डोळा
शब्दाचं मूळ काढून आजचा अर्थ ठरवायला निघालात तर पंचाईत होईल. 'साहस' धर्मशास्त्रात गुन्हा होता, जबरदस्ती आणि लूटमार त्यात मोडायची. आज आपण साहसासाठी मुलांना शौर्यपदक देतो. ते परत घ्यायचं का? आजच्या इंग्रजीत पॅनिक म्हणजे विचार बंद पाडणारी एकदम उसळलेली भीती, बस्स. कारण खरं की खोटं हा मुद्दाच उरलेला नाही. बोकडदेवाला मध्ये आणू नका.

गोधडी
तो शब्द मॅरेथॉनच्या लढाईतून आला ना? पॅनने पर्शियन सैन्याला घाबरवून पळवलं म्हणून.

रानवाट
@गोधडी, ही गोष्ट सगळीकडे फिरते, पण ग्रीक इतिहासकार हिरोडोटसमध्ये ती नाही. त्याने सांगितलंय ते एवढंच: इ.स.पू. ४९० मध्ये स्पार्टाकडे मदत मागायला निघालेल्या धावपटूला तेगेआच्या वरच्या डोंगरात पॅन भेटला आणि 'अथेन्सवाले माझी दखल का घेत नाहीत' म्हणून कुरकुरला. लढाईनंतर अथेन्सने अॅक्रोपोलिसखाली त्याचं ठाणं केलं. (म्हणजे देवही आपल्याकडच्या ग्रामदैवतांसारखाच, मान दिला नाही तर रुसणारा.) पर्शियनांना त्याने घाबरवल्याचा उल्लेख नाही.

@तिरपा_डोळा, कारण हा मुद्दा उरलेला नाही, हे तुमचं म्हणणं कागदावर ठीक. पण 'पॅनिक होऊ नका' असं आपण कधी म्हणतो? समोरच्याची भीती अवाजवी आहे असं वाटतं तेव्हाच. घराला आग लागलेल्या माणसाला कुणी असं म्हणून पाहावं. दोष घाबरणाऱ्याचा, हा वास त्या शब्दाला अजून आहे.

शेवटची_लोकल
इतकं सरळ नाही हो. २९ सप्टेंबर २०१७, एल्फिन्स्टन रोडचा पूल, आताचं प्रभादेवी. दसऱ्याच्या आदल्या दिवशीची सकाळ, जोराचा पाऊस, भिजायला नको म्हणून लोक जिन्यावरच थांबलेले, मागून नवीन गाड्यांची माणसं येतच होती. २३ जण गेले. एका जखमी प्रवाशाने चौकशीत सांगितल्याचं तेव्हा छापून आलं होतं की फुलवाल्याचा भारा पडला, तो 'फूल गिर गया' म्हणाला आणि लोकांनी 'पुल गिर गया' ऐकलं. हे खरं असेल तर ही अगदी तुमच्या गॉल टोळ्यांचीच गोष्ट झाली. न घडलेल्या गोष्टीची भीती, कानोकानी पसरलेली. याला पॅनिक नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

रानवाट
त्या एका वाक्याला पॅनिक म्हणा, माझी ना नाही. पण तेच वाक्य रुंद, मोकळ्या पुलावर कुणी ऐकलं असतं तर? दोन-चार जण धावले असते, एखादा पडला असता. २३ माणसं त्या जिन्याच्या रुंदीने मारली. आणि पूल अपुरा पडतो ही ओरड तर आधीपासून होती.

इंग्लंडमधलं हिल्सबरोही पाहा. १५ एप्रिल १९८९, फुटबॉलचा सामना, आधीच भरलेल्या कुंपणबंद कप्प्यांत आणखी प्रेक्षक सोडले गेले. एकूण ९७ माणसं गेली. पोलिसांनी दोष प्रेक्षकांच्या माथी मारला आणि ते खोडून काढायला नातेवाइकांना २०१६ साल उजाडलं. ते मृत्यू बेकायदा ठरले आणि प्रेक्षकांच्या वागण्याचा त्यात हातभार नव्हता असं ज्युरीने सांगितलं. गर्दी बेफाम झाली, असं म्हणून मोकळं होण्याची सोय किती काळ पुरते बघा.

वेताळपेठ
रानवाट यांच्या बाजूने एक जुनं उदाहरण. १६ जून १८८३, इंग्लंडमधल्या संडरलंड गावातला व्हिक्टोरिया हॉल. मुलांचा खेळ संपला आणि खाली बक्षिसं वाटताहेत असं कळल्यावर वरच्या मजल्यावरची मुलं जिन्याने धावत सुटली. खालचं दार एका वेळी एकच मूल जाईल एवढंच उघडं ठेवून खिटी लावलेली होती. १८३ मुलं गेली. पळताना ती घाबरलेली नव्हती, खुशीत होती! त्यानंतर एका इंग्रज संशोधकाने आतून ढकललं की उघडणाऱ्या खिटीचं पेटंट घेतलं. तिचं नाव काय पडलं? 'पॅनिक बोल्ट'. दोष दाराचा, दुरुस्तीही दाराची, नाव मात्र माणसांच्या भीतीचं.

अबोली_७
मला इथे थोडं वेगळं सांगायचंय. मला पॅनिक अटॅक येतात. भर मीटिंगमध्ये काहीही झालेलं नसताना काळीज धडधडायला लागतं, हातांना मुंग्या येतात, आत्ता मरणार याची खात्री वाटते. काही मिनिटांत कळस गाठून ओसरतं. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत पॅनिक डिसऑर्डर १९८० साली स्वतंत्र आजार म्हणून आला. त्याआधी अशा लोकांना 'नर्व्हस आहे' म्हणून घरी पाठवत. 'विनाकारण' हा अर्थ माझ्यासाठी अपमान नाही, तेच तर माझ्या आजाराचं वर्णन आहे. म्हणून रानवाट यांचं मला पटतं, पण उलट कारणाने. तो शब्द गर्दीच्या बातमीत सैल वापरला की मग 'ट्रॅफिकमध्ये मलाही पॅनिक अटॅक आला' असं हसत सांगणारेही वाढतात.

तिरपा_डोळा
अबोली, तुमचं समजलं. पण मग बाजाराचं काय कराल? ऑक्टोबर १९०७, न्यूयॉर्क. एका तांबे कंपनीच्या शेअरचा सट्टा फसला, त्यात बँकेसारख्या ठेवी घेणाऱ्या निकरबॉकर ट्रस्टचं नाव गोवलं गेलं आणि ठेवीदारांच्या रांगा लागल्या. २२ तारखेला ट्रस्टचे दरवाजे बंद. मग बाकीच्या ट्रस्टांपुढे रांगा. त्या रांगेतल्या पहिल्या माणसाची भीती कदाचित अवाजवी असेल. शंभराव्याची? पुढचे नव्व्याण्णव पैसे काढणार हे त्याला दिसत होतं, त्याने रांगेत उभं राहणं शहाणपणाचंच. भीतीनेच भीतीचं कारण तयार केलं. इतिहासात त्याचं नाव 'पॅनिक ऑफ १९०७' असंच आहे, आणि त्याच्या धड्यातून १९१३ मध्ये अमेरिकेला मध्यवर्ती बँक मिळाली. पॅनिक म्हटल्याने यंत्रणेचा दोष झाकला गेला नाही. सकारण-विनाकारण अशी तुमची वाटणी इथे टिकत नाही.

गोधडी
अवांतर: वरीच्या शास्त्रीय नावातही 'पॅनिकम' आहे. त्याचा या बोकडदेवाशी काही संबंध नाही, ते लॅटिनमधलं धान्याचं नाव. उपासाला निर्धास्त खा.

शेवटची_लोकल
तिरपा_डोळा यांच्या बाजूने आणखी एक. झेनोफोन या ग्रीक लेखकाने स्वतःच्या सैन्यातला प्रसंग लिहिलाय, इ.स.पू. ४०१ मधला. रात्री छावणीत गोंधळ उसळला. सेनापती क्लिआर्कसने दवंडी पिटवली: 'छावणीत गाढव कुणी सोडलं हे जो सांगेल त्याला चांदीचं एक टॅलंट बक्षीस.' (टॅलंट हे ग्रीकांचं वजनाचं माप.) लोकांना कळलं की शत्रू वगैरे कुणी नाही, आणि गलका थांबला. पॅनिक हा वेगळा प्रकार आहे हे ओळखलं, म्हणून हा उपाय सुचला. शब्दच काढून टाकलात तर स्टेशनवर वेळेत, स्पष्ट घोषणा हवी हा मुद्दा कोण मांडणार? पूल रुंद व्हायला वर्षं जातात, भोंगा आज लावता येतो.

रानवाट
भोंगा लावाच. पण त्या छावणीत माणसांना पाय ठेवायला जागा होती. जिन्यावर गच्च अडकलेल्याला 'पूल पडलेला नाही' असं सांगून त्याच्या छातीवरचा दाब कमी होत नाही.

उपसंपादक_रात्रपाळी
तुमची चर्चा छान चाललीये, पण हा शब्द आमच्या पानावर येतो कुठून ते सांगतो. पहिल्या तासात घटनास्थळावरून कुणाचाच धड फोन लागत नाही. हातात असतं ते अधिकाऱ्यांचं दोन ओळींचं निवेदन, 'अफवेमुळे प्रवाशांमध्ये घबराट पसरली.' आम्ही ते 'पॅनिक' करतो, कारण मथळ्यात बसतं. जिन्याची रुंदी, गाड्यांच्या वेळा, बंद असलेलं फाटक हे सगळं तिसऱ्या दिवशी कळतं आणि आतल्या पानावर जातं. 'चेंगराचेंगरीत इतके मृत्यू' एवढंच लिहून थांबावं असं माझं मत आहे. मी तसं लावतोही. सकाळी साहेब विचारतात, 'कारण कुठे आहे?'

तिरपा_डोळा
साहेबांचा प्रश्न रास्तच आहे की. वाचकही तेच विचारणार. 'कारण अजून स्पष्ट नाही' असं छापा.

उपसंपादक_रात्रपाळी
छापलं होतं. शेजारच्या पेपरने 'पॅनिक' छापलं आणि त्यांची बातमी जास्त वाचली गेली.