वितरण केंद्रामुळे खरोखर किती नवे रोजगार निर्माण होतात?

प्रश्न: सुपरमार्केट साखळी नवे वितरण केंद्र (दुकानांना माल पुरवणारे मोठे गोदाम) उभारताना नोकऱ्यांचा जो आकडा जाहीर करते, तो कसा वाचावा?

प्रतिसाद: त्यात बांधकामावरचे मजूर धरले आहेत का, हे आधी पाहावे; ते काम इमारत पूर्ण होताच संपते. शिवाय जुनी गोदामे बंद करून त्यांचा माल येथे वळवला जाणार असेल, तर बऱ्याच नोकऱ्या नव्या नसून केवळ जागा बदललेल्या असतात.

प्रतिसाद: मान्य, पण माल उतरवणे, दुकानांच्या मागणीनुसार खोकी काढून पॅलेटवर (माल ठेवायच्या सपाट चौकटीवर) रचणे, फोर्कलिफ्ट (पॅलेट उचलणारी गाडी) चालवणे ही कामे टिकतात. मी शीतगृहात उणे 18 अंशांत काम केले आहे. जाड हातमोजे घालून स्कॅनरचे बटण दाबणे हीच एक कसरत असते.

प्रतिसाद: खोकी काढण्याचे काम अनेकदा कंत्राटी असते, आणि स्वयंचलित यंत्रे आली की पहिली कात्री त्यालाच लागते.