पिंक फ्लॉइडमधला पेटीवाला कुठे गेला?

पेटी_म्हार्दोळ
मी भजनाला पेटीची साथ करणारा माणूस. वास्कोच्या सप्ताहात किती वर्षे बसलो त्याचा हिशेब नाही. इंग्रजी संगीत म्हणजे शेजारच्या लग्नात वाजते ते, एवढीच माझी ओळख. गेल्या महिन्यात भाचा आला आणि जाताना हेडफोन इथेच विसरला. फोन करून म्हणतो, "राहू दे मामा, आता पिंक फ्लॉइड ऐक."

ऐकले. १९६७ चा पहिला अल्बम: सायकल, मांजर, बुटके, सगळा पोरखेळ, पण गोड. मग १९७१ चे 'एकोज', साडेतेवीस मिनिटे. हे मात्र रात्री दोनदा ऐकले. मग १९७९ चा 'द वॉल', त्यात एक माणूस सतत कुणावर तरी रागावलेला.

हा एकच बँड का? आणि 'एकोज'मध्ये पहिल्या स्वरापासून जो पेटीवाला (ऑर्गन म्हणा, पियानो म्हणा) सगळे धरून बसलाय, तो 'द वॉल'मध्ये का दिसत नाही?

शुक्रवारचा_बाजार
पेटीवाल्यालाच हे ऐकू यायचे! त्याचे नाव रिचर्ड राइट.

मी म्हापशाचा. १९८६ च्या सुमारास हणजुणेच्या बुधवारच्या बाजारात, मायदेशी परतणारे गोरे आपले सामान विकायचे तिथे, मला ९० मिनिटांची एक कॅसेट मिळाली. वर नाव नाही. दोन वर्षे मला बँड कुठला हेच ठाऊक नव्हते. तो 'मेडल' होता, 'एकोज' ज्यावर आहे तो अल्बम. कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटांची आणि अल्बम पावणेसत्तेचाळीसचा, म्हणजे शेवट कापलेला. तो शेवट मी सीडी आल्यावर ऐकला. तोवर माझ्या लेखी शेवटचे 'एकोज' खट्‌कन बंद पडूनच संपायचे.

आता तुमचा प्रश्न. १९६५ मध्ये लंडनला बँड जमला. गाणी लिहायचा सिड बॅरेट. तुमची सायकल-मांजर त्याचीच. एलएसडीची नशा आणि मनाचे आजारपण यांत तो असा गुरफटला की रंगमंचावर नुसता उभा राहायचा. १९६८ च्या सुरुवातीला त्याच्या जोडीला गिटारवाला डेव्हिड गिलमोर आला, आणि जानेवारीत एके दिवशी कार्यक्रमाला जाताना सिडला घ्यायला गाडी वळवलीच नाही. भांडण नाही, निरोप नाही.

मागे राहिलेल्या चौघांत सिडसारखी छोटी गाणी कुणालाच जमेनात. म्हणून लांब वाजवू लागले. माझ्या मते १९६८ ते १९७३ हाच खरा काळ, कारण तेव्हा त्यांच्यात कुणी बुवा नव्हता, सगळे टाळकरी. 'एकोज' सुरू झाले ते तुकड्यांतून, आणि त्या तुकड्यांना त्यांनी 'नथिंग' म्हणून नंबर दिले होते. तो पहिला 'टिंग' म्हणजे राइटने पियानोची एक पट्टी दाबली आणि आवाज फिरत्या लेस्ली स्पीकरमधून काढला. बस्स, त्या एका स्वरावर पुढचे सगळे उभे आहे.

१९७३ च्या 'डार्क साइड ऑफ द मून' अल्बममध्ये एक गाणे राइटचे आहे, त्याला गायिका आहे पण शब्द नाहीत. क्लेअर टोरी नावाच्या बाईने ते आलापासारखे गायले, ३० पौंड घेऊन घरी गेली. रचनेत वाटा मिळावा म्हणून पुढे तिला कोर्टात जावे लागले. २००५ मध्ये तडजोड झाली, आता तिचे नाव लागते.

त्यानंतर बँडचा बेस गिटारवाला रॉजर वॉटर्स बुवा झाला. शब्द त्याचे, विषय त्याचे, राग त्याचा. 'द वॉल'च्या वेळी त्याने राइटला बँडबाहेर काढले. पण कार्यक्रमांना राइट पगारी वादक म्हणून गेला. त्या कार्यक्रमांत बाकी तिघांना तोटा झाला, पैसे मिळवले ते फक्त पगारदाराने!

धूसर_मांडवी
बुवा-टाळकरी ठीक आहे, पण राइटला अगदीच गरीब बिचारा करू नका. 'द वॉल'च्या वेळी तो नवे काही आणत नव्हता ही वॉटर्सची तक्रार अगदीच खोटी नव्हती. आणि वॉटर्सचे शब्द नसते तर हे नाव घरोघरी पोचले असते का? १९८५ ला तो बँड सोडून गेल्यावरचे अल्बम ऐका. आवाज तोच, सांगायला फारसे काही नाही.

शुक्रवारचा_बाजार
मान्य, अर्धे. पण १९८३ चा 'फायनल कट' ऐका, त्यात राइट मुळीच नाही. शब्द भरपूर, अंगण रिकामे.

सिडचा_शेजारी
सिडवर दोन ओळींत आटोपलेत! जून १९७५ मध्ये त्याच्यावरच रचलेल्या गाण्याचे काम चालू असताना ॲबी रोड स्टुडिओत एक जाडा, टक्कल केलेला, भुवया काढलेला माणूस येऊन बसला. बराच वेळ कुणी ओळखले नाही. तो सिड होता. काका, ते गाणे ज्यात आहे तो 'विश यू वर हिअर' अल्बम ऐकल्याशिवाय मत देऊ नका.

शुक्रवारचा_बाजार
ऐकाच, सुरुवातीचा भरलेला सूरही राइटचाच. नंतर इटलीतल्या पॉम्पेईच्या अवशेषांत त्यांनी वाजवले त्याची फिल्म बघा, ऑक्टोबर १९७१, रिकामे रोमन प्रेक्षागार, समोर चिटपाखरू नाही. तिथे त्याची बोटे दिसतात. राइट पुढे परतला, १९९४ च्या अल्बमात गाणीही दिली, २००८ ला वारला. २०१४ चा शेवटचा अल्बम बहुतेक त्याने आधी वाजवून ठेवलेल्यातूनच केला.

पेटी_म्हार्दोळ
देव बरें करूं सगळ्यांचे. पॉम्पेई बघितले. हा माणूस बोटे उचलतच नाही, साथीदाराची बैठक आहे ती. 'विश यू'ला पेटीवर पांढरी पाच धरून बसलो, कोमल गंधार लावला, छान मिळाले. गिटारचे ते चार स्वर येईपर्यंत चार मिनिटे जातात, पण घाई वाटत नाही.

शुक्रवारकर, एक सांगतो, रागावू नका. 'एकोज'चा शेवट परत ऐकला. वाऱ्यासारखा वर वरच जातो, समेवर येत नाही. तुमची कॅसेट तुटायची तेच बरे होते.