दुकान पुण्यात असलं तरी तक्रार आपल्याच जिल्ह्यात
'दुकान पुण्यात, म्हणजे भांडायलाही पुण्यालाच जावं लागणार' असं सदोष वस्तू मिळालेल्या ग्राहकाला वाटतं, पण ते बरोबर नाही. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि तेव्हापासून आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. आम्हा सिंधुदुर्गातल्या मालवण-कुडाळवाल्यांनी जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला जायचं. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन जरूर करा.

माझ्या मुलाचा नवा गेमिंग पीसी गेम सुरू केला की दहा मिनिटांत बंद पडून परत चालू व्हायचा. एरवी दिवसभर ठणठणीत. दुकानदार म्हणाला, कोकणातली दमट हवा आणि तुमचा व्होल्टेज! इथे वीज लपंडाव खेळते हे खरंच, म्हणून मला ते पटतही होतं. पण आमच्या वायरमनने गेम चालू असताना सॉकेटला मीटर लावला, तर पीसी बंद पडला त्या क्षणीही तो २२८ व्होल्ट, म्हणजे व्यवस्थित वीज, दाखवत होता. त्याचा व्हिडिओ काढला. शिवाय विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (पीसीतल्या घडामोडींची नोंदवही) 'कर्नल-पॉवर ४१', म्हणजे पीसी नीट शटडाउन न होता बंद पडला, अशी नोंद प्रत्येक वेळी तारीख-वेळेसकट पडते. त्यावरून दोष कुठला ते कळत नाही, पण पहिल्याच दिवसापासून बंद पडतोय हे दिसतं. व्हिडिओ आणि या नोंदी दोन्ही दुकानदाराला ईमेलने पाठवलं, फोनवर बोलणं बंद केलं. आठवड्याने पॉवर सप्लाय (पीसीच्या भागांना वीज पुरवणारा डबा) बदलून आला. खोका आणि आतला थर्माकोल मात्र टाकू नका, परत पाठवायची वेळ आली तर आधी तोच मागतात.