युरोपातला घड्याळबदल 2021 मध्येच बंद होणार होता ना? अडलंय कुठे?

शिफ्टवाला_हिंजवडी

2019 मध्ये युरोपीय संसदेनं घड्याळं मागेपुढे करणं बंद करण्याच्या बाजूनं मतदान केलं, 2021 ची मुदत ठरली, असं तेव्हा सगळ्या पेपरांत छापून आलं होतं. तरी 25 ऑक्टोबर 2026 ला घड्याळं पुन्हा एक तास मागे जाणारच आहेत. जर्मन क्लायंटसाठी शेड्युलिंगचं सॉफ्टवेअर सांभाळतो, म्हणून दोन प्रश्न. कायदा नेमका कोणाच्या टेबलावर पडून आहे? आणि उद्या तो मंजूर झालाच तर कोडमध्ये काय फुटेल? टीममध्ये काहींचं म्हणणं आहे की सगळं यूटीसीत (जगाच्या सामायिक प्रमाण वेळेत) साठवलंय, त्यामुळे काळजी नको.

ब्रुसेल्सकर

संसदेचं मतदान म्हणजे कायदा नव्हे, गोंधळ इथेच होतो. 26 मार्च 2019 ला 410 विरुद्ध 192 मतांनी संसदेनं फक्त आपली भूमिका ठरवली. कायदा व्हायला सदस्य देशांच्या मंत्रिपरिषदेचीही संमती लागते, आणि तिथे 27 पैकी किमान 15 देश हवेत, शिवाय त्या देशांत युरोपीय युनियनची 65 टक्के लोकसंख्या हवी. तटस्थ राहिलेला देश बाजूच्या मतांत धरला जात नाही, म्हणजे परिणाम विरोधासारखाच.

परिषदेनं आजवर स्वतःची भूमिकाच ठरवलेली नाही. देशांनी युरोपीय आयोगाला (कायद्याचे प्रस्ताव मांडणाऱ्या संस्थेला) सांगितलं, आधी परिणामांचा सविस्तर अभ्यास द्या. आयोग म्हणाला, प्रस्ताव दिलाय, पुढचं तुम्ही बघा. मग ब्रेक्झिट, कोविड, युक्रेन युद्ध, आणि विषय कायम यादीच्या तळाशी. ऑक्टोबर 2025 मध्ये स्पेनचे पंतप्रधान पेद्रो सांचेझ यांनी तो पुन्हा वर काढला.

आयोगानं 2018 मध्ये मागवलेल्या लोकांच्या मतांचा दाखला सगळे देतात: 46 लाख उत्तरं, 84 टक्के लोक बदल बंद करण्याच्या बाजूनं. पण त्यातली सुमारे 70 टक्के उत्तरं एकट्या जर्मनीतून आली होती. शिवाय ती खुली ऑनलाइन प्रश्नावली होती, नमुना निवडून केलेली पाहणी नव्हे. तिच्यावरून अख्ख्या युरोपाचं मत काढणं मला मुळीच पटत नाही.

शिफ्टवाला_हिंजवडी

मग ज्या देशाला नको त्यानं आपल्यापुरतं थांबवावं की. त्याला कोण अडवतंय?

ब्रुसेल्सकर

युरोपीय युनियनचा 2000 सालचा निर्देश, म्हणजे सदस्य देशांना बंधनकारक नियम, अडवतो. कोणत्या टाइम झोनमध्ये राहायचं हे प्रत्येक देश स्वतः ठरवतो; पोर्तुगालनं 1992 मध्ये मध्य युरोपीय वेळ घेतली आणि 1996 मध्ये सोडलीही. पण मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ पुढे आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे, हे सगळ्यांना बंधनकारक आहे, आणि तेही एकाच क्षणी, यूटीसीनुसार पहाटे 1 वाजता. एकट्यानं थांबणं म्हणजे निर्देशाचा भंग.

नकाशेवाली

खरा पेच पुढेच आहे: बंद केल्यावर कायम कोणती वेळ ठेवायची?

स्पेनपासून पोलंडपर्यंत एकच टाइम झोन आहे. स्पेनमधलं विगो शहर ग्रिनिचच्याही पश्चिमेला, जवळजवळ 9 अंशांवर, आणि वॉर्सा 21 अंश पूर्वेला. रेखांशाचा एक अंश म्हणजे 4 मिनिटं, तेव्हा दोन्हीकडच्या सूर्यात दोन तासांचा फरक पडतो. आता हिशेब करा. कायम उन्हाळी वेळ (एक तास पुढची) ठेवली तर डिसेंबरअखेर विगोत सूर्य सकाळी 10 नंतर उगवेल, ॲम्स्टरडॅममध्ये 9:50 च्या सुमारास. कायम हिवाळी वेळ ठेवली तर जूनमध्ये वॉर्सात सव्वातीनला उजाडेल. पूर्वेला एक सोयीची, पश्चिमेला दुसरी. प्रत्येकानं आपापली निवडली तर शेजारी देशांची घड्याळं वेगळी होतात, आणि विमानांच्या स्लॉटपासून रेल्वेच्या वेळापत्रकापर्यंत सगळं नव्यानं जुळवावं लागतं. आयर्लंडचा प्रश्न आणखी नाजूक आहे. ब्रिटननं बदल चालू ठेवला आणि आयर्लंडनं थांबवला तर एकाच बेटावर निम्मं वर्ष दोन वेळा, कारण उत्तर आयर्लंड ब्रिटनमध्ये आहे.

झोपेवर काम करणारे शास्त्रज्ञ बहुतांशी कायम प्रमाण वेळेच्या, म्हणजे हिवाळी वेळेच्या बाजूनं आहेत, कारण शरीराचं घड्याळ सकाळच्या उजेडावर लागतं. मलाही तेच योग्य वाटतं. संध्याकाळचा उजेड लोकांना हवाहवासा वाटतो, पण अंधारात शाळेला निघणाऱ्या मुलांची किंमत मोठी आहे. अमेरिकेनं जानेवारी 1974 मध्ये कायम उन्हाळी वेळ लागू केली आणि त्याच ऑक्टोबरात मागे घेतली. रशियानं 2011 मध्ये तेच केलं आणि 2014 मध्ये हिवाळी वेळेवर आला.

टाइमझोन_दुरुस्ती

कोडबद्दल. "सगळं यूटीसीत" हे झालेल्या घटनांसाठी बरोबर आहे: लॉग, पेमेंट, पंच-इन. पुढच्या भेटींसाठी ते घातक आहे. समजा बर्लिनमधली 15 जानेवारीची सकाळी 10 ची अपॉइंटमेंट तुम्ही आजच्या नियमानं 09:00 यूटीसी म्हणून साठवली. मधल्या काळात जर्मनीनं कायम उन्हाळी वेळ स्वीकारली तर तीच नोंद 11 वाजता दिसेल, आणि माणूस मात्र 10 ला दारात उभा. म्हणून भविष्यातल्या नोंदीत स्थानिक वेळ आणि "युरोप/बर्लिन" असं झोनचं पूर्ण नाव ठेवा, यूटीसी त्यावरून काढा आणि नियम बदलले की पुन्हा काढा. "सीईटी" (मध्य युरोपीय वेळ) किंवा "+01:00" यांवर भागवू नका. पुढचा नियम त्यांतून कळत नाही.

नियम येतात ते टीझेडडेटामधून (जगभरच्या टाइम झोनच्या नियमांचा सामायिक डेटाबेस), आणि त्याच्या प्रती अनेक ठिकाणी असतात. सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम अद्ययावत केली तरी जावा स्वतःची प्रत वापरते, कंटेनरच्या जुन्या इमेजमध्ये जुनीच राहते, काही डेटाबेस आपली वेगळी बाळगतात. एक जरी राहिली तरी दोन सेवा एकाच भेटीची दोन उत्तरं देतात. सगळ्या ठिकाणांची यादी आत्ताच करून ठेवा, कारण सरकारं आगाऊ सूचना देतीलच असं नाही. मार्च 2023 मध्ये लेबनॉननं उन्हाळी वेळ लांबवल्याचं अगदी ऐनवेळी जाहीर केलं आणि काही दिवसांत निर्णय फिरवला. टीझेडडेटाची 2023बी आवृत्ती त्या निर्णयासाठी निघाली, 2023सी तो काढून टाकण्यासाठी.

25 ऑक्टोबरचं तातडीचं: जर्मनीत पहाटे 3 चे 2 होतील, म्हणजे 2:30 ही वेळ दोनदा येईल. त्या तासातला क्रॉन जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) दोनदा चालेल की एकदा, हे तुमच्या शेड्युलरवर अवलंबून आहे. मार्चमध्ये उलट, 2:30 येतच नाही. बिलिंगसारखे जॉब स्थानिक 1 ते 4 च्या बाहेर काढा.

रोजची मीटिंग कोणत्या झोनमध्ये बनवली आहे तेही बघा. बर्लिनच्या 10 वाजता लावली असेल तर आपल्याकडे दुपारी दीडची अडीच होईल. भारतीय वेळेनं दीडला लावली असेल तर जर्मन मंडळींना 9 ला बसावं लागेल. अमेरिकेतलेही त्यात असतील तर 25 ऑक्टोबर ते 1 नोव्हेंबर हा आठवडा वेगळा तपासा, त्यांची घड्याळं 1 नोव्हेंबरला बदलतात.

शिफ्टवाला_हिंजवडी

बुकिंगच्या टेबलात झोनचा कॉलमच नाहीये, फक्त यूटीसी. जुन्या नोंदींचं काय करू?

टाइमझोन_दुरुस्ती

शाखेच्या पत्त्यावरून झोन भरा, नोंद साठवताना जे नियम लागू होते त्यांनीच स्थानिक वेळ उलटी काढा. हे नियम बदलण्याच्या आत उरका. नंतर केलं तर चुकीचीच वेळ पक्की होऊन बसेल.