मदत हवी आहे: मृत्यूनंतर घरच्यांना द्यायची माहितीपुस्तिका

नमस्कार मंडळी,

रुग्णालयात माणूस गेल्यावर घरच्यांच्या हाती द्यायची छोटी पुस्तिका नव्याने लिहायचं काम आमच्या स्वयंसेवकांच्या गटाकडे आलं आहे. जुनीची भाषा 'मृताच्या निकटवर्तीयांनी पार्थिव ताब्यात घेण्यापूर्वी' अशी. त्या अवस्थेत ती कोणाच्या डोक्यात शिरणार?

भाषा बरीचशी मार्गी लागलीय. आज काय करायचं ते पहिल्या पानावर, बाकीचं मागे. एका वाक्यात एकच काम. लहान मुलांना 'आजोबा झोपले' न सांगता 'मरण पावले' असं स्पष्ट सांगा, हेही घेतलंय, कारण मुलं ते शब्दशः घेतात आणि मग काही जण झोपायलाच घाबरतात. वाचता न येणाऱ्यांसाठी ध्वनिमुद्रणही करू.

घोडं अडलंय ते वेगळ्याच जागी. गटातल्या काहींना धर्मवार तक्ता हवाय: हिंदूंमध्ये असं, मुस्लिमांमध्ये तसं. मला तो पटत नाही. मुस्लिम आणि ज्यू कुटुंबांना दफन शक्य तितक्या लवकर हवं असतं, म्हणून शवविच्छेदनाला वेळ लागणार असेल तर आधीच सांगावं, हे कर्मचाऱ्यांना ठाऊक हवंच. पण घरच्यांना त्यांचाच धर्म आपण काय शिकवणार? शिवाय एकाच घरात आई श्रद्धाळू, मुलगा नास्तिक, सून तिसऱ्याच धर्माची. लग्न न करता सोबत राहणारा जोडीदार तर कुठल्याच रकान्यात बसत नाही. त्यापेक्षा प्रश्न छापावेत असं मला वाटतं: अंघोळ कोणी घालायची? जवळ कोणाला थांबायचंय? कोणी हात लावू नये असं काही आहे का?

दुसरा पेच दुःखाच्या पानाचा. जुन्या पुस्तिकेत दुःखाच्या पाच पायऱ्या आहेत: नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार. मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्यूबलर-रॉस यांनी १९६९ मध्ये त्या मांडल्या, पण मरणासन्न रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांचं वेळापत्रक म्हणून नव्हे. त्या मी काढल्या. मग मदत कधी घ्यावी हे कसं लिहू? जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात दीर्घकालीन शोकविकारासाठी किमान सहा महिन्यांची अट आहे, शिवाय तो शोक त्या माणसाच्या समाजात, संस्कृतीत, धर्मात अपेक्षित असतो त्याहून स्पष्टपणे जास्त असावा लागतो. अमेरिकेच्या डीएसएम-५-टीआर (२०२२) या मानसिक विकारांच्या निदानग्रंथात प्रौढांसाठी बारा महिने. हे आकडे छापले की लोक तारखा मोजत बसतील अशी भीती वाटते. जगणंच नको वाटत असेल तर थांबू नका, लगेच बोला, एवढं मात्र ठळक अक्षरांत येणारच.

समुपदेशक, परिचारिका, किंवा अशी पुस्तिका कधी हातात पडलेले कोणी इथे आहे का? तक्ता की प्रश्न? आकडे ठेवू की काढू? आणि मुखपृष्ठावर काय घ्यावं? पणती, क्रॉस, जोडलेले हात, सगळंच कोणाचं तरी एकाचं होतं. सध्या कोराच ठेवलाय, पण गटाला तो फारच रुक्ष वाटतो.

पहिल्या पानाचा मसुदा खाली प्रतिसादात टाकते. बिनधास्त चिरफाड करा.